क्लोई : गॅलरीतून उतरलेलं, बारमध्ये रुजलेलं चित्र

मेलबर्न. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर, स्वॉन्स्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर यंग अँड जॅक्सन हे जुनं हॉटेल उभं आहे. मेलबर्न ज्या प्रांतात आहे त्या व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं इथे लोटली. त्या धामधुमीत, १८६१ साली, या जागी दारूचा परवाना मिळाला.

जिना चढून वर आलं की ती दिसते. पूर्ण उंचीची, विवस्त्र, चेहरा एका बाजूला वळवलेला. ग्रीक पुराणांच्या जगातली, पाण्याकाठची अप्सरा. नाव क्लोई.

फ्रेंच चित्रकार ज्यूल लफेव्र यांनी १८७५ साली हे चित्र पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात मांडलं. त्यांच्यासमोर पोटासाठी उभी राहिलेली मॉडेल मारी या नावाने ओळखली जाते. तिच्या दुःखाच्या कितीतरी दंतकथा आहेत. त्या बाजूला ठेवून या चेहऱ्याकडे नीट पाहावं.

सिडनी आणि मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांतून चित्र ऑस्ट्रेलियात पोहोचलं. शल्यविशारद थॉमस फिट्झगेराल्ड यांनी ते ८५० गिनींना (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त किंमतीचं जुनं ब्रिटिश चलन) विकत घेतलं आणि १८८३ साली मेलबर्नच्या नॅशनल गॅलरीला पाहण्यासाठी दिलं. त्याच सुमारास गॅलरी रविवारीही उघडी ठेवायला सुरुवात झाली होती. प्रार्थनेच्या दिवशी नग्न स्त्रीचं चित्र! चर्चची मंडळी खवळली, वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. तीन आठवड्यांत क्लोई भिंतीवरून खाली उतरली.

१९०९ साली हॉटेलमालक हेन्री फिग्झबी यंग यांनी ती ८०० पौंडांना घेतली आणि थेट बारमध्ये लावली. आमच्या मते चित्राचं खरं आयुष्य इथून सुरू झालं.

कारण पाच वर्षांतच महायुद्ध पेटलं. बोटीवर चढण्याआधी सैनिक इथे यायचे. अठरा-वीस वर्षांची पोरं, घराबाहेर पहिल्यांदाच पडलेली. तिच्यासमोर पेला उंचावायचे, परत येईन म्हणायचे. खंदकांतून तिला पत्रं लिहिली गेली, असं आजही इथे सांगतात. १९१६ पासून व्हिक्टोरियातले बार संध्याकाळी सहालाच बंद होऊ लागले. काम सुटल्यावरच्या त्या तासाभरात इथे पाय ठेवायला जागा नसे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकही त्या गर्दीत मिसळले. गॅलरीत ज्यांनी कधी पाऊल ठेवलं नसतं, अशा माणसांनी हे चित्र आपलं मानलं.

आता ती तिच्याच नावाच्या बारमध्ये आहे. मेलबर्नमध्ये राहणारे कितीतरी मराठी लोक रोज याच चौकातून ट्राम पकडतात. एखाद्या संध्याकाळी एक ट्राम सोडा, आणि वर जाऊन तिला भेटा.