तुमचा सल्लागार 25 वर्षं अनुभवी आहे? मग त्याला हा एकच प्रश्न विचारा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली परत त्याच कमेंट्स, ताई तुमचं बॅकग्राउंड काय, ताई या गुंतवणूक सल्ल्याच्या फिल्डमध्ये कशा आलात, आम्हाला यायचं असेल तर काय करायचं. आणि एका दादांनी विचारलंय की आमचा सल्लागार 25 वर्षं अनुभवी आहे, तर डोळे झाकून विश्वास ठेवू का? दोन्हीचं उत्तर आज एकाच व्हिडिओत देते, कारण माझ्या करिअरची गोष्ट सांगितली की दादांचं उत्तर त्यातच येतं.

माझी आई सांगलीत पोस्टाच्या आरडीची एजंट. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अशी एक काकू दर महिन्याला येऊन गेली असेल. पैसे घ्यायचे, कार्डावर सही करायची, पोस्टात भरायचे, आणि त्यावर 4 टक्के कमिशन. आईची पिशवी, त्यात रबर लावलेली कार्डं, आणि कुणाच्या घरी किती तारखेला पगार होतो हे तोंडपाठ. मला आठवतं, कुणी विचारलं की वहिनी तुम्हाला यात काय सुटतं, तर आई सरळ आकडा सांगायची. लपवायचं काही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कॉलेज झालं, विम्याची एजन्सी घेतली, आणि तिथून एका बँकेत रिलेशनशिप मॅनेजर म्हणून लागले. बँकेचं नाव घेणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. तो काळ युलिपचा, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीचा होता. सेन्सेक्स पळत होता, जानेवारी 2008 मध्ये 21,206 पर्यंत गेला, आणि रोज सकाळी मीटिंगमध्ये एकच विचारणा, आज किती लॉगिन, म्हणजे किती नवे अर्ज? शेजारच्या टेबलवर एक निवृत्त शिक्षक एफडी रिन्यू करायला आले होते, त्यांना सांगितलं गेलं की सर 3 वर्षं भरा आणि विसरून जा. चार्जेसचं पान कुणी उलटलंच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेन्सेक्स 8,000 च्या खाली आला, ते सर दोनदा येऊन गेले, आणि ज्याने पॉलिसी विकली तो तोपर्यंत बदलीवर! नंतर सप्टेंबर 2010 पासून युलिपचे नियम कडक झाले, लॉक-इन, म्हणजे पैसे अडकून राहण्याचा काळ, 3 चा 5 वर्षं झाला, चार्जेसला मर्यादा आल्या, पण त्या सरांना त्याचा काय उपयोग.

मी तिथून बाहेर पडले आणि म्युच्युअल फंडाचा एआरएन, म्हणजे फंड विकणाऱ्या वितरकाचा नोंदणी नंबर घेतला. टायमिंग बघा, 1 ऑगस्ट 2009 ला सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, एंट्री लोड बंद केला. त्याआधी तुम्ही 100 रुपये टाकले की सव्वादोन रुपयांपर्यंत आधीच कापले जायचे, ते बंद झालं आणि कित्येक वितरकांनी धंदाच सोडला. जे टिकले ते ट्रेल कमिशनवर, म्हणजे तुमचे पैसे फंडात जेवढा काळ आहेत तेवढा काळ कंपनी वितरकाला थोडं थोडं देत राहते. 2013 मध्ये दोन गोष्टी झाल्या, जानेवारीत डायरेक्ट प्लॅन, म्हणजे वितरकाशिवाय, कमिशनविना घ्यायचे प्लॅन आले (कमिशनवाले ते रेग्युलर) आणि त्याच वर्षी सेबीचे इन्व्हेस्टमेंट अ‍ॅडव्हायझरचे नियम आले. काही वर्षांनी मी एआरएन सोडून तिकडे, म्हणजे फी घेणारी सल्लागार म्हणून गेले. माझं बॅकग्राउंड एवढंच आहे, यात हिरोगिरी काही नाही.

परीक्षांचं पटकन सांगते. वितरक व्हायला एनआयएसएम या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची पाच-ए, 100 मार्कांची, 50 ला पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. सल्लागार व्हायला दहा-ए आणि दहा-बी, 60 टक्के लागतात आणि निगेटिव्ह मार्किंग आहे, नीट अभ्यास करा. सर्टिफिकेट 3 वर्षं चालतं. आधी पदव्युत्तर शिक्षण आणि 5 वर्षांचा अनुभव लागायचा, डिसेंबर 2024 च्या बदलानंतर पदवी पुरते आणि अनुभवाची अट गेली. झालं. पुस्तक कुठलं वगैरे विचारू नका, एनआयएसएमचं वर्कबुक वाचा.

आता मुद्द्यावर. दादा, 25 वर्षांचा अनुभव ऐकून मला काहीच कळत नाही. कशाचा अनुभव? 25 वर्षं पॉलिसी विकल्याचा, की 25 वर्षं लोकांची घरं, शिक्षणं, निवृत्ती मार्गी लावल्याचा? म्हणून एकच प्रश्न विचारायचा, तोंडावर, चहा पिता पिता विचारा हवं तर. तुम्हाला पैसे कोण देतं?

हे त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरूनच कळतं. एआरएन नंबर असेल तर तो वितरक, पैसे फंड कंपनी देते. आयएनए ने सुरू होणारा नंबर असेल तर तो सेबी नोंदणीकृत सल्लागार, पैसे तुम्ही देता. आयएनएच असेल तर रिसर्च अ‍ॅनालिस्ट, तो शेअरवर मत देऊ शकतो, तुमच्या घराचं प्लॅनिंग हे त्याचं काम नाही. आणि कार्डावर नुसतं वेल्थ अ‍ॅडव्हायझर लिहिलंय, खाली एआरएन आहे, तर तिथेच थांबा, कारण 2020 पासून वितरकाला ते नाव लावायची परवानगीच नाही. नंबर कुठलाच नसेल आणि टेलिग्राम ग्रुपची लिंक असेल तर... अहो, एका ताईंनी कमेंट केलीये की ते सर खूप चांगले आहेत, महिन्याला 5 टक्के पक्के देतात. ताई, हात जोडून सांगते, पक्क्या रिटर्नची हमी देणं नोंदणीकृत माणसाला चालतच नाही. आजच्या आज बाहेर पडा. आणि नंबर दिसला म्हणून खूश होऊ नका, सेबीच्या साइटवर नोंदणीकृत सल्लागारांची यादी आहे, तिथे टाकून बघा, नाव जुळतं का, पत्ता जुळतो का. दुसऱ्याचा नंबर छापणारे लोक आहेत.

कार्ड बाजूला ठेवा, दुसरीकडून बघा. सल्लागाराने तुमच्याशी करार केला पाहिजे, सही घेतली पाहिजे, तुमची जोखीम घ्यायची तयारी लेखी तपासली पाहिजे, आणि फी किती ते आधी सांगितलं पाहिजे. ठरावीक फी घेत असेल तर एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त 1,51,000, ही सेबीची मर्यादा आहे. आणि एकाच कुटुंबाला सल्लाही द्यायचा आणि कमिशनवर विकायचंही, असं त्याला करता येत नाही. म्हणजे कुणी फी पण घेतोय आणि रेग्युलर प्लॅनमध्ये पण टाकतोय, तर विचारा, साहेब, दोन्हीकडून कसं?

आता तिसरी बाजू, ही ऐकाच. मी एआरएन सोडला तेव्हा आमच्याकडचे एक हळदीचे व्यापारी काका माझ्यावर चिडले. म्हणाले, पोरी, आधी फुकट करत होतीस, आता पैसे कसले मागतेस? मी त्यांचंच कॅस, म्हणजे सगळ्या फंडांचं मिळून एकच स्टेटमेंट मागवलं, सहामाही. ऑक्टोबर 2016 पासून त्यात तुमच्या वितरकाला किती रुपये कमिशन गेलं तो आकडा छापून येतो. मी त्या रकान्यावर बोट ठेवलं, म्हटलं काका, हे मला मिळत होतं, तुमच्याच पैशातून. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ घेतला, आणि आत बघून मुलाला हाक मारली, अरे बाहेर ये, हे वाच. मग आम्ही तिघांनी बसून गणित केलं. समजा 50 लाख आहेत आणि रेग्युलर-डायरेक्टमधला फरक पाऊण टक्का आहे, तर वर्षाला 37,500 रुपये, आणि पैसे वाढतील तसा हा आकडाही वाढत जातो. फुकट काहीच नव्हतं. बिल घरी येत नव्हतं, एवढंच.

आता लगेच कमेंट येणार की ताई वितरकांच्या पोटावर पाय देतात. बिलकुल नाही! 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी पडला, तेव्हा फोन उचलून लोकांना एसआयपी बंद करू नका म्हणणारे बहुतेक वितरकच होते, आणि ज्याची 5,000 ची एसआयपी आहे त्याला फीवाला सल्लागार परवडतही नाही आणि सापडतही नाही, कारण वितरक देशात लाखाच्या वर आहेत आणि आयएनएवाले त्यांच्यापुढे मूठभर. चांगला वितरक मिळाला तर धरून ठेवा. फक्त त्याला काय सुटतं ते माहीत असू द्या. माझी आई सांगायची तसं त्यानेही सांगावं. अडखळला, विषय बदलला, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का म्हणाला, तर त्या 25 वर्षांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

अनुभवाबद्दल आणखी एक विचारा, 2008 ला आणि 2020 ला तुम्ही तुमच्या लोकांना नेमकं काय करायला सांगितलं होतं? ज्याने ते दिवस काढलेत तो तारखेसकट सांगतो, कुणाचा फोन आला होता, कुणाला थांबवलं, कोण नाही थांबलं.

आणि ते कॅसचं, परत सांगते कारण मागच्या वेळी निम्म्या लोकांनी चुकीचं स्टेटमेंट काढलं. महिन्याचं नाही, सहामाही. एप्रिल ते सप्टेंबरचं आणि ऑक्टोबर ते मार्चचं, ते पॅनला जोडलेल्या ईमेलवर येतं. ईमेल जुना असेल, मुलाचा असेल, बंद पडलेला असेल तर आधी तो बदलून घ्या. पीडीएफ उघडलं की स्कीमच्या नावापुढे डायरेक्ट लिहिलंय का रेग्युलर ते बघा, मग कमिशनचा आकडा शोधा. सापडला नाही तर कुठे अडलं ते खाली लिहा, पण स्क्रीनशॉट टाकू नका, त्यावर तुमचा पॅन असतो.