अंक ऑनलाइन आला, पण वाचता येतो का?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी अंक आता मोबाइलवरही येतात. काही हौशी मंडळी तर मासिकं, त्रैमासिकं थेट इंटरनेटवरच काढतात. कागदाचा खर्च नाही, टपाल नाही, विक्रेत्याचं कमिशन नाही. अंक एकदा वर चढवला की संपादक हुश्श करतात. वाचकाचं काम मात्र तिथून सुरू होतं. त्याला अक्षर मोठं करायचं असतं, अर्धा लेख बसमध्ये वाचून उरलेला रात्री वाचायचा असतो, दोन वर्षांपूर्वीची एखादी कथा पुन्हा शोधायची असते. माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची सोय शोधाची, आणि आपल्याकडे नेमकी तीच हयगयीने केलेली असते.

आधी पीडीएफबद्दल थोडं. छापील पान जसंच्या तसं पडद्यावर ठेवायचं, वर पान उलटल्याचा आवाजही द्यायचा! तो आवाज कोणासाठी असतो, मला कधी कळलं नाही. दोन स्तंभांचं पान मोबाइलवर वाचायचं म्हणजे बोटांनी मोठं करा, खाली सरका, पुन्हा वर या, मग उजवीकडे जा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, त्यातही दोन स्तंभ होते. पण एकात इंग्रजी मजकूर आणि शेजारी मराठी. ते दोन स्तंभ वाचकासाठी होते. आपण ते सवयीने ठेवतो.

पीडीएफ छपाईसाठी जरूर ठेवा. वाचायला मात्र साधा, पडद्याच्या रुंदीप्रमाणे वळणारा युनिकोड मजकूर हवा, म्हणजे प्रत्येक अक्षर सगळीकडे एकाच ठरलेल्या संकेताने साठवणारा. जुन्या फॉन्टांत टंकलेला लेख दिसतो मराठी, पण आत साठवलेली असतात भलतीच चिन्हं. त्यातली ओळ उचलून कुणाला पाठवायला जावं तर अगम्य काहीतरी उमटतं. अशा मजकुरात शोध कसा चालणार?

बरं, युनिकोड झालं तरी प्रश्न सुटत नाही. साधी शोधपेटी अक्षरं जशीच्या तशी जुळवते, आणि मराठी शब्द तर विभक्ती लागली की रूप बदलतो. तुम्ही ‘पाऊस’ शोधलात, लेखात ‘पावसात’ आहे. ‘शाळा’ शोधलीत, लेखात ‘शाळेच्या’ आहे. ‘विहीर’ दीर्घ, ‘विहिरीत’ ऱ्हस्व. पेटी म्हणते, काही सापडलं नाही. वाचकाला वाटतं, अंकात विहिरीवर काही आलंच नाही.

जुन्या अंकांचं आणखी वेगळं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार सर्रास असतात. आजचा वाचक ‘काही’ आणि ‘नाव’ लिहून शोधणार. आणि एक छुपी गंमत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात.

यावर उपाय आहेत, आणि फार महागही नाहीत. शोधताना ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांचा भेद सोडून द्यायचा, दोन्ही प्रकारचे र एकच धरायचे. एवढं जाणत्या प्रोग्रामरला सहज जमतं. ‘पावसा-’, ‘शाळे-’ अशा विभक्तीआधी बदलणाऱ्या सामान्यरूपांचं काम जास्त किचकट. तोवर संपादकाने प्रत्येक लेखाला पाच-सहा विषयशब्द मूळ रूपात जोडावेत: पाऊस, विहीर, दुष्काळ. ग्रंथपालांना हे काम नवं नाही. एखाद्या निवृत्त ग्रंथपालबाईंना विचारा, त्या आनंदाने करतील.

अक्षरांविषयी दोनच गोष्टी. देवनागरीत मात्रा वर जाते आणि उकार खाली येतो, म्हणून इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या ओळी एकमेकींना चिकटतात; ओळींमध्ये जागा वाढवा. आणि अक्षरांमध्ये मोकळीक देण्याच्या नादात शिरोरेषा तोडू नका.

आता तुमच्यासारख्या ऐकणाऱ्यांची सोय. दृष्टिहीन वाचक संगणकाकडून मजकूर वाचून घेतात. एनव्हीडीए नावाची अशी प्रणाली मोफत मिळते आणि तिच्यासोबत मराठी आवाजही येतो. पण मजकूर मराठी आहे हे पानाच्या आतल्या खुणेत सांगावं लागतं. तयार साचा घेतला की ती खूण बहुतेकदा इंग्रजीच राहते. तिथे दोन अक्षरं बदलायची असतात. चांगल्या फॉन्टांत त्याच खुणेमुळे ल आणि श हिंदी वळणाचे न दिसता मराठी वळणाचे दिसतात. चित्रांखाली चित्रात काय आहे तेही एका वाक्यात लिहावं. नुसतं ‘छायाचित्र’ लिहून ऐकणाऱ्याला काय कळणार?

‘सूचना चालू करा’ म्हणत मध्येच उघडणारी चौकट, आपोआप वाजणारं संगीत, लेखाच्या अंगावर येणारी बटणं यांना मी सोय म्हणत नाही. ती काढली तर पान हलकं होतं आणि रेंज कमी असलेल्या गावातही उघडतं.

शेवटचा मुद्दा पत्त्याचा. रंगरूप बदलताना अनेक मासिकं जुन्या लेखांचे पत्तेही बदलून टाकतात. मग कुणी प्रबंधात दिलेला संदर्भ, कुणी मित्राला पाठवलेला दुवा, सगळे रिकाम्या पानावर जाऊन थांबतात. पत्ता बदलणं अगदीच टाळता येत नसेल, तर जुन्यावरून नव्याकडे आपोआप नेणारी वाट करून ठेवता येते. नवी सजावट ज्याच्याकडे सोपवाल, त्याच्याकडून हे काम पैसे देण्याआधी करून घ्या.

नमस्कार.