फेटाळलेला अर्ज

स्ट्रासबुर्ग. आज फ्रान्समध्ये असलेलं हे शहर १६०५ साली जर्मन भाषकांच्या पवित्र रोमन साम्राज्यातलं स्वतंत्र नगर होतं. इथे योहान कारोलुस नावाचा तिशीचा गृहस्थ पुस्तकं विकायचा. पुस्तकबांधणी शिकलेला. जोडीला आणखी एक धंदा होता. दर आठवड्याला डाकेने बातम्या यायच्या, त्यांच्या हाताने लिहिलेल्या नकला तो श्रीमंत वर्गणीदारांना पोचवायचा.

तोच मजकूर, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पुन्हा पहिल्या ओळीपासून. वेळखाऊ काम. त्यातच त्याने बराच पैसा ओतून छापखाना विकत घेतला होता. मग लिहीत कशाला बसायचं? अक्षरांचे खिळे जुळवले, शाई फिरवली. जगातलं पहिलं मानलं जाणारं छापील वृत्तपत्र सुरू झालं ते असं, हात वाचवायला. क्रांतीबिंती कुणाच्या डोक्यात नव्हती!

बारा वेळा छापून झाल्यावर त्याने नगरसभेकडे अर्ज केला. माझ्या बातम्या दुसऱ्या कुणी छापू नयेत, एवढंच मागणं. नगरसभेने अर्ज फेटाळला. कारोलुसने छपाई मात्र थांबवली नाही.

आता त्याच्या वृत्तपत्राचं एक पान जवळून बघू. १६०९ सालचे अंक हायडेलबर्गच्या विद्यापीठात जपून ठेवलेत. ठळक मथळे नाहीत. नुसतं गाव आणि तारीख, की खाली बातमी सुरू. कोलोन, रोम, प्राग, व्हिएन्ना. आणि ही व्हेनिसची: पादुआचे गणिताचे प्राध्यापक गॅलिलिओ यांनी असं साधन शोधलंय की तीस मैलांवरची जागा शेजारी असल्यासारखी दिसते, म्हणून सरकारने त्यांचा पगार वर्षाला शंभर क्राउनांनी वाढवला. दुर्बिणीइतकंच महत्त्व पगारवाढीला! बातमीदाराची जात तेव्हापासून तीच.

याच वर्षाच्या प्रस्तावनेत कारोलुस वाचकांची माफी मागतो. काम रात्री, घाईघाईत उरकावं लागतं, गावांची-माणसांची नावं अनोळखी. चुका सापडल्या तर आपल्या आपण दुरुस्त करून वाचा. मुद्राराक्षस तेव्हाही जागाच होता.

१६३४ साली कारोलुस वारला. १६०५ सालचा त्याचा एकही छापील अंक आज उरलेला नाही. उरला तो अर्ज. नगरसभेच्या दप्तरात पडून राहिला, आणि विसाव्या शतकात एका अभ्यासकाच्या हाती लागला. वृत्तपत्राचं जन्मसाल आपण १६०५ मानतो, ते त्या अर्जावरून.