ओल हवी, कोंदटपणा नको

श्रोतेहो, नमस्कार.

ऑर्किडची अगदी कोवळी रोपं घरात, काचेच्या पेटीत कशी वाढवायची, हा आजचा विषय. ऑर्किड म्हणजे आमरी. सह्याद्रीत आंब्याच्या, ऐनाच्या फांदीवर उन्हाळ्याच्या शेवटी जी जांभळट-पांढऱ्या फुलांची सीतेची वेणी लोंबते, ती आमरीच. आसामात तिला कपौ फूल म्हणतात. बिहूला बायका ती अंबाड्यात माळतात, आणि ते त्या राज्याचं राज्यफूल आहे. आणि हो, आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाचा रस ओढून घेतं. आमरी फांदीचा फक्त आधार घेते, झाडाचं काही खात नाही. सोसायटीच्या आवारात फांद्या छाटायला माणसं आली की "ते बांडगूळ पण काढून टाका" असं सर्रास सांगितलं जातं. एकदा मान वर करून बघा तरी, मग सांगा.

मुद्द्याकडे येते. आमरीच्या एका बोंडात लाखो बिया असतात, भुकटीसारख्या बारीक. गव्हाच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, तशी या बीत काहीच नसते. रानात एक बुरशी तिला अन्न पुरवते, तेव्हा कुठे ती रुजते. हे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये ओळखलं. पुढे 1922 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लुइस नुडसन यांनी दाखवून दिलं की बुरशीचं काम साखर घातलेली जेली करू शकते. तेव्हापासून प्रयोगशाळांत बाटल्यांमधून आमरीची रोपं तयार होतात. आपण घरी आणायची ती ही बाटलीतली रोपं. पुन्हा सांगते, बाटलीतली. झाडावरून ओरबाडलेली नाही.

बाटलीबाहेर काढल्यावर या रोपांचं काय करायचं, ते सांगण्याआधी एक गोष्ट सांगते. ही गोष्ट मला फार आवडते, आणि माझ्या पेटीत पंखा आहे तो या गोष्टीमुळेच.

साल 1850. जोसेफ हुकर नावाचा तिशीतला इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ मेघालयातल्या खासी टेकड्यांवर उतरला होता. वडील लंडनच्या क्यू इथल्या सरकारी बागेचे प्रमुख, आणि डार्विनशी त्याची मैत्री. आदल्याच वर्षी सिक्कीममध्ये तिथल्या दिवाणानं त्याला कैदेत टाकलं होतं. तिथून सुटला, आणि थॉमस थॉमसन या मित्राला बरोबर घेऊन पुन्हा डोंगर चढायला लागला. चेरापुंजीच्या मुलखात हे दोघं महिनोन्‌महिने हिंडले. पावसात कागद वाळत नाहीत, नमुन्यांना बुरशी येते, जळवा लागतात, तरी काम थांबलं नाही.

हिंडता हिंडता ते लेरनाई नावाच्या एका गावाजवळ ओकच्या राईत शिरले. झाडं खुजी, वेडीवाकडी, पानं विरळ. आणि त्या फांद्यांवर निळी फुलं, सगळीकडे. आपण फुलाला निळं म्हणतो तेव्हा ते बहुतेक जांभळं असतं. हे खरंच आभाळासारखं निळं, पाकळीवर गडद रेघांची जाळी. हाच तो निळा वांडा, आमरीचीच एक जात. एकेक फूल साडेतीन-चार इंच रुंद, एकेका तुऱ्यावर सहापासून एकवीसपर्यंत फुलं, आणि वाऱ्यावर तुरे हलताहेत.

हुकरनं नमुन्यांसाठी तुरे तोडायला घेतले. किती तोडले असतील? तीनशे साठ! मुक्कामाच्या व्हरांड्यात जमिनीवर त्यांचे तीन ढीग रचले, एकेक ढीग वारभर उंच. वारभर म्हणजे तीन फूट. आणि हा मनुष्य लिहितो की यातला एक, फक्त एक तुरा लंडनच्या फुलांच्या प्रदर्शनात पोचवता आला असता तर आम्ही काय वाटेल ते दिलं असतं. इथे तीन ढीग पडलेत, आणि तिकडे एकासाठी जीव टाकणारे लोक आहेत.

तुरे झाले, आता झाडं. क्यूच्या बागेसाठी त्यांनी निळ्या वांडाची झाडं गोळा केली, सात माणसांची ओझी. खासी माणसं कपाळाला पट्टा लावून पाठीवरच्या टोपलीत ओझं वाहतात, त्या हिशेबानं सात टोपल्या भरून जिवंत झाडं. टेकड्यांवरून खाली, मग होड्यांनी कलकत्त्याला, मग समुद्रानं इंग्लंडला. सुएझचा कालवा तेव्हा व्हायचाच होता. त्या सात ओझ्यांपैकी अगदी थोडी झाडं जिवंत पोचली. बाकीची वाटेत मेली. शंभरदा वाचलं तरी या ओळीशी मी थांबते. आपल्या देशातलं एक रान उपसलं गेलं आणि त्यातून कुणाच्या हाती फारसं काही लागलंही नाही.

पुढचा भाग ऐका. दुसऱ्या एका गृहस्थानं आपला माळी हुकरबरोबर पाठवला होता, जागा बघून घ्यायला. त्यानं एकाच माणसाचं ओझं इंग्लंडला धाडलं. तीही झाडं वाईट अवस्थेत पोचली, तरी त्यांचे तीनशे पौंड आले. एकेका झाडाला तीनपासून दहा पौंड. 1850 मधले पौंड, बरं का! सगळी जिवंत पोचली असती तर हजार पौंड झाले असते, असं हुकर नोंदवतो. इतकंच नाही, एखादा चपळ संग्राहक खासी टेकड्यांतल्या आमऱ्या विकून एका हंगामात दोन-तीन हजार पौंड सहज कमावेल, हेही लिहून ठेवतो. 1854 मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. ठिकाण लिहिलेलं, भावही लिहिलेला. मग संग्राहक येणार नाहीत तर काय? आज आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ज्या थोड्या वनस्पतींना नावानिशी संरक्षण आहे, त्यात निळा वांडा आहे. रानातून तो आणणं हा गुन्हा आहे, आणि घरी लावायचा तरी परवाना लागतो.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. त्याच पुस्तकात हुकर थांबून इंग्लंडच्या बागवानांना चांगलं सुनावतो. तिथे श्रीमंत लोक आमऱ्यांसाठी काचेची घरं बांधत, कोळशाच्या भट्टीनं तापवत, वाफेनं भरत, आणि दारंखिडक्या बंद ठेवत. उष्ण देशातलं झाड म्हणजे त्याला दमट उकाडा हवा, अशी त्यांची समजूत. झाडं पटापट मरत. हुकर म्हणतो, अहो, मी ते झाड त्याच्या घरी पाहिलंय! ते तीन ते चार हजार फुटांवर, उघड्या गवताळ टेकडीवर राहतं. फांदीवर शेवाळसुद्धा नाही, कोरड्या खरबरीत सालीवर मुळं पसरलेली. ऊन लागतं, पाऊस लागतो, वारा लागतो. हवा एकंदरीत दमट, पण कोंडलेली कधीच नाही. फुलांच्या दिवसांत दिवसा हवाही कोरडी आणि सालही कोरडी. तापमान आपल्या हिशेबात पंधरा ते सत्तावीस अंश. हिवाळ्यात तर खाली जमिनीवर दव गोठतं. आणि वारा सतत वाहता. तुम्ही नेमकं जे जे टाळता, त्यावरच हे झाड जगतं.

म्हणजे ओल हवी, कोंदटपणा नको. एकशे सत्तर वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण दोन फुटांच्या फिश टँकलाही जसंच्या तसं लागू पडतं.

चला, पेटीकडे. मी सांगते आहे ते सीतेच्या वेणीच्या रोपांबद्दल. ही वांडाच्याच जवळच्या नात्यातली, आणि परवानाधारक रोपवाटिकेत तिच्या बाटल्या मिळू शकतात. बिल मात्र मागून घ्या.

बाटलीतलं रोप जन्मापासून शंभर टक्के ओलाव्यात असतं. त्याच्या पानावर मेणाचा थर नीट चढलेला नसतो आणि पानाची छिद्रं पुरती मिटत नाहीत. आमच्या पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. असं रोप त्या हवेत ठेवलं तर संध्याकाळपर्यंत सुकतं. पेटी लागते ती एवढ्यासाठीच.

रोपं बाहेर काढली की मुळांना चिकटलेली जेली कोमट पाण्यात, बोटांनी, अगदी हलक्या हातानं धुऊन टाका. तिचा कणसुद्धा ठेवू नका, कारण तिच्यात साखर आहे आणि साखरेवर बुरशी धरते. मग ओलं करून घट्ट पिळलेलं मॉस म्हणजे वाळवलेलं शेवाळ, लहान कुंडी, आणि एका कुंडीत पाच-सहा रोपं शेजारी शेजारी. पेटीच्या तळाशी विटांचे तुकडे आणि पाणी, वर जाळी, जाळीवर कुंड्या. कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये.

धुकं करणारं यंत्र आणि त्याला लावायचा ह्युमिडिटी कंट्रोलर बाजारात मिळतो. आकडा लावला की ओलावा त्याच्या खाली गेला तर यंत्र सुरू होतं, वर गेला की थांबतं. पहिल्या आठवड्यात पंच्याऐंशी-नव्वद ठेवा. मग दर आठवड्याला थोडा थोडा उतरवा, साठ-पासष्टपर्यंत. घाई नको. कंट्रोलरचा सेन्सर रोपांमध्ये, पानांच्या उंचीवर टांगा. धुक्याच्या तोंडाशी टांगला तर तो तिथलंच मोजेल आणि रोपं मात्र कोरडी राहतील. यंत्रात पावसाचं किंवा आरओचं पाणी घाला. बोअरच्या पाण्याचे क्षार पानांवर पांढरे बसतात. वायर सॉकेटमध्ये घालण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाशी गळून पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

आणि पंखा! यूएसबीवर चालणारा तळहाताएवढा पंखा, काचेकडे तोंड करून, दिवसरात्र चालू. झाकण बोटभर उघडं. धुकं बंद पडलं तर रोपं दोन दिवस तग धरतील, पण पंखा बंद पडला आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं, तर कोंब कुजतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या श्रोत्यांना पावसाळ्यात धुक्याच्या यंत्राची गरजच नाही. त्यांनी पंख्याचीच काळजी घ्यावी. पुन्हा सांगते, ओल हवी, कोंदटपणा नको.

पेटी थेट उन्हात ठेवू नका, बंद काच पाहता पाहता तापते. एलईडीची ट्यूब बारा तास पुरते. पाणी सकाळी घाला, म्हणजे रात्रीपर्यंत पानं कोरडी होतात. कधी घालायचं ते मुळं सांगतात. मूळ कोरडं असलं की रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं. रुपेरी दिसलं की पाणी, हिरवं असलं की थांबा.

लग्नाच्या स्टेजवर हल्ली शेकड्यांनी ऑर्किडच्या काड्या टोचलेल्या असतात. ती लागवडीतली फुलं आहेत हे मान्य, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रॉलीभर कचऱ्यात जातात हे मला बघवत नाही. एका फुलासाठी चार-पाच वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला विचारा. मुंडावळ्यांना मोगरा आहे, शेवंती आहे, झेंडू आहे, आपल्या लग्नांना त्यांनी कधी काही कमी केलं नव्हतं. आणि घाटातल्या वळणावर टोपलीत घालून विकतात त्या झाडावरच्या आमऱ्या कृपा करून घेऊ नका, विकणाऱ्याची कितीही दया आली तरी. त्याच्याकडची करवंदं घ्या, जांभळं घ्या, पैसे जास्त द्या. एक टोपली घेतलीत की पुढच्या रविवारी तो दोन भरून आणतो.

चार-पाच वर्षं म्हटलं, ते सीतेच्या वेणीला पहिला तुरा यायला साधारण लागतातच. पेटीत मात्र रोप वर्षभरच ठेवायचं. नवी मुळं करंगळीएवढी लांब झाली की बाहेर काढायची वेळ झाली, आणि त्यासाठी जूनच्या शेवटासारखा मुहूर्त नाही, कारण तेव्हा बाहेरची हवाही पेटीइतकीच ओली असते. आंब्याच्या सालीच्या फळीवर सुतळीनं बांधा. तार वापरू नका, ती मुळाला कापते. फळी पूर्वेच्या खिडकीत टांगा. सुतळी वर्षभरात कुजून गळून पडते, तोवर मुळांनी साल धरलेली असते. नमस्कार.