हौशी वैमानिक जमिनीवर का राहतो?

मित्रहो,

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना आणि त्याबरोबर लागणारे चालू वैद्यकीय प्रमाणपत्र असलेले लोक १९८० साली सुमारे ३ लाख ५७ हजार होते. २०१६ साली ते १ लाख ६२ हजारांच्या आसपास उरले. याच काळात त्या देशाची लोकसंख्या साडेबावीस कोटींवरून बत्तीस कोटींच्या पुढे गेली. आकडे बोलके आहेत, तरी माझा आजचा प्रश्न त्यांच्यापुढचा आहे. खासगी वैमानिकाचा परवाना तिथे एकदा मिळाला की आयुष्यभराचा असतो. मग तो खिशात असलेली, विमान चालवण्याची मनापासून आवड असलेली माणसे सुटीच्या दिवशी विमानतळाकडे का फिरकत नाहीत?

अमेरिका निवडण्याचे कारण साधे आहे. हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो प्रामुख्याने तिथेच. सार्वजनिक वापराची सुमारे पाच हजार विमानतळे, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी उतरण्याला शुल्क नाही, हवाई वाहतूक नियंत्रकाशी बोलण्याचे पैसे नाहीत. शिक्षक, दंतवैद्य, शेतकरी, प्लंबर अशा लोकांनी तिथे विमाने बाळगली. जिथे सगळे अनुकूल होते तिथेच छंद आटला असेल, तर त्याची कारणे तपासण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर सगळेच देतात : पैसा. ते खरे आहे. सेसना १७२ हे चार आसनांचे विमान १९५६ साली बाजारात आले तेव्हा त्याची किंमत नऊ हजार डॉलरच्या आत होती. महागाईचा हिशेब धरला तर आजचे लाखभर डॉलर. आज तेच मॉडेल नवे घ्यायचे तर चार लाखांहून अधिक मोजावे लागतात. ते तासाला तीसेक लिटर इंधन पिते, आणि हे इंधन अजूनही शिसेयुक्त आहे. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत १९९६ पासून बंद झाले. लहान विमानांसाठी सर्वमान्य पर्याय अद्याप रुळलेला नाही, म्हणून ते चालू आहे.

किंमत एवढी का चढली, याची कथा मात्र सहसा अर्धीच सांगितली जाते. विमानकंपन्या आणि लष्कर वगळून उरलेल्या उड्डाणांसाठी अमेरिकी कारखान्यांनी १९७८ साली १७,८११ विमाने विकली. १९९४ साली ९२८. विमान पडले की वारस निर्मात्यावर दावा लावत, मग ते विमान तीस वर्षांचे का असेना, आणि विम्याचा बोजा प्रत्येक नव्या विमानाच्या किमतीत मिळवला जाई. सेसनाने १९८६ साली एक इंजिनाची पिस्टन विमाने बनवणेच थांबवले. १९९४ साली कायदा झाला, निर्मात्याचे दायित्व अठरा वर्षांपुरते मर्यादित झाले आणि सेसनाने दहा वर्षांच्या खंडानंतर उत्पादन पुन्हा सुरू केले. पण संख्या परतली नाही. वर्षाला हजारोंनी बनणारी वस्तू शेकड्यांनी बनू लागली की ती स्वस्त होत नाही, आणि स्वस्त नाही म्हणून खपत नाही. परिणामी आज हौशी वैमानिक जी विमाने चालवतो त्यांतली बरीचशी चालवणाऱ्यापेक्षा वयाने मोठी असतात.

इथे थोडे मागे जावे लागेल, कारण १९८० चा तो उच्चांक मला स्वाभाविक वाटत नाही. १९३८ नंतर अमेरिकी सरकारने महाविद्यालयांमार्फत नागरी वैमानिक प्रशिक्षणाची योजना चालवली आणि सहा वर्षांत सव्वाचार लाखांहून अधिक लोकांना विमान चालवायला शिकवले. महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना जी. आय. बिलाखाली सरकारी खर्चाने उड्डाण शिकता आले. लष्कराने बांधलेल्या धावपट्ट्या गावांना मिळाल्या. म्हणजे वैमानिक, विमानतळे आणि शिक्षणाचा पैसा या तिन्ही गोष्टी छंदाच्या पदरात दुसऱ्याच कारणाने पडल्या होत्या. त्या पिढीतली माणसे १९८० साली पंचावन्न-साठीच्या घरात होती. पुढच्या दोन दशकांत त्यांनी वैद्यकीय तपासणीला जाणे सोडले, विमाने विकली, आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांना स्वतःच्या खिशातून शिकायचे होते. 'नव्या पिढीला हौस राहिली नाही' असे म्हणणाऱ्यांनी जुन्या पिढीच्या हौसेचा खर्च कोणी केला, हेही पाहावे.

१९७८ सालीच आणखी एक गोष्ट घडली. विमानकंपन्यांच्या भाड्यांवरचे आणि मार्गांवरचे सरकारी नियंत्रण उठले आणि पुढे तिकिटे स्वस्त होत गेली. त्याआधी चारशे मैलांवरच्या भावाकडे कुटुंबासह स्वतःच्या विमानाने जाणे हा व्यवहार्य पर्याय होता. नंतर तो फक्त मौजेचा राहिला. शिवाय केवळ नजरेच्या आधारे उडण्याचा परवाना असलेल्या वैमानिकाला ढगांत शिरता येत नाही. शुक्रवारी गेलेला माणूस रविवारी परतेलच असे नाही, आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे असेल तर घरचे लोक मोटारीचाच आग्रह धरतात. काम निघून गेले की छंदाला निमित्त उरत नाही. अमेरिकी वैमानिक थट्टेने शंभर डॉलरच्या बर्गरविषयी बोलतात : शेजारच्या गावच्या विमानतळावर उतरायचे, उपाहारगृहात खायचे, परत यायचे. आता त्याला शंभर डॉलर पुरत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण त्याच बर्गरसाठी पंधराव्यांदा जायला माणसाला जड जाते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पैसा, निमित्त, वय ही कारणे वेगवेगळी असली तरी ती सगळी एकाच जागी घाव घालतात : वारंवारतेवर. विमान चालवण्याचे कौशल्य रियाजासारखे आहे; ते शिकून संपत नाही आणि बंद ठेवले की झिजते. नियम सांगतो की प्रवासी न्यायचे असतील तर मागील नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत, आणि दर चोवीस महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी हवी. ही किमान अट झाली. वर्षाला वीस-पंचवीस तास उडणारा माणूस कागदावर पात्र असतो, पण आडवा वारा जरा वाढला की त्याच्या पोटात गोळा येतो. तो उड्डाण पुढच्या आठवड्यावर ढकलतो. पुढच्या आठवड्यात तो आणखी थोडा अनभ्यस्त झालेला असतो. छंद सोडण्याचा निर्णय असा कोणी घेत नाही. पुढे ढकललेल्या शनिवारांतून तो आपोआप होतो. हौशी वैमानिकाची भीती ही भित्रेपणाची खूण समजू नये. बहुतेक वेळा तो त्याचा शहाणपणाच असतो, आणि तोच त्याला जमिनीवर ठेवतो.

खर्चाचे गणितही असेच चालते. समजा, हँगरचे म्हणजे विमान ठेवण्याच्या शेडचे भाडे, विमा आणि सक्तीची वार्षिक तपासणी मिळून वर्षाला बारा हजार डॉलर जातात. शंभर तास उडणाऱ्याला हा स्थिर खर्च तासाला १२० डॉलर पडतो; तीस तास उडणाऱ्याला ४००. जो कमी उडतो त्याला उडणे महाग पडते, आणि महाग पडते म्हणून तो आणखी कमी उडतो. यंत्रही त्याला साथ देत नाही. या विमानांवर सर्रास दिसणाऱ्या लायकमिंग इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपांची उघडझाप करणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्महिने उभे राहिले की त्यावरचे तेल खाली निथळते, गंज धरतो आणि ठरलेल्या तासांच्या कितीतरी आधी इंजिन उघडावे लागते.

माझ्यासारख्या भाड्याने विमान घेणाऱ्याला हँगरची चिंता नसते, पण तो विमान घेतो ते बहुधा प्रशिक्षण संस्थेकडून, आणि तिथे त्याची अडचण निराळी आहे. २००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोलगन एअर या विमानकंपनीचे विमान कोसळून पन्नास जण गेले. त्यानंतर झालेल्या कायद्याने २०१३ पासून विमानकंपनीत सहवैमानिक होण्यासाठीही साधारणपणे पंधराशे तासांचा अनुभव लागू लागला. हे तास भरून काढण्यासाठी तरुण मुले प्रशिक्षक होतात आणि विद्यार्थ्यांना घेऊन सकाळपासून उडत राहतात. प्रशिक्षण संस्थेला रोज येणारा व्यावसायिक विद्यार्थी परवडतो. शनिवारी दुपारी दोन तासांसाठी विमान मागणारा मध्यमवयीन गृहस्थ परवडत नाही. अलीकडे अमेरिकेत शिकाऊ वैमानिकांची संख्या वाढलेली दिसते, पण तिच्यावरून छंदाला बरे दिवस आले असे समजणे चूक ठरेल. त्यांतले बरेच जण नोकरीसाठी शिकतात, आणि २०१६ पासून शिकाऊ परवान्याची मुदत संपणेच बंद झाल्याने आकडा फुगला आहे.

ही स्थिती आपल्याला अपरिचित वाटू नये. जुहूच्या मातीत १९२८ च्या सुमारास मुंबईचा फ्लाइंग क्लब उभा राहिला तो मुख्यतः हौशी लोकांसाठी. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला तेव्हा तेही हौशीच होते. आज बारामती, गोंदिया किंवा धुळे येथे प्रशिक्षण घेणाऱ्या मुलाला विचारा. त्याचे लक्ष व्यावसायिक परवान्याच्या दोनशे तासांकडे असते. अमेरिकेत जी पाळी आता येते आहे ती आपल्याकडे केव्हाच येऊन गेली. आपल्याकडे तो छंद थोड्या श्रीमंतांपलीकडे पसरण्याआधीच विरला, एवढाच फरक.

विमानतळांची गोष्ट थोडक्यात सांगतो. शिकागोचे सरोवराकाठचे मेग्ज फील्ड मार्च २००३ मध्ये महापौर डेली यांनी रातोरात बुलडोझर घालून बंद पाडले. धावपट्टी उखडली तेव्हा सोळा विमाने तिथे अडकून पडली होती. सँटा मोनिकाचा विमानतळ २०२८ च्या अखेरीनंतर बंद करण्याची मुभा शहराला मिळाली आहे. घरापासून वीस मिनिटांवरची धावपट्टी दीड तासावर गेली की पुन्हा वारंवारतेलाच कात्री लागते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०१७ पासून बऱ्याच हौशी वैमानिकांना विमान-वैद्यकाऐवजी साध्या डॉक्टरकडे चार वर्षांतून एकदा तपासणी करून चालते. ही सवलत मोलाची आहे, कारण परवानगी नाकारली जाईल या धास्तीने अनेकांनी तपासणीला जाणेच टाळले होते. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी स्पोर्ट पायलट परवान्यावर, म्हणजे हौशी उड्डाणासाठीच्या सोप्या अटींच्या परवान्यावर, कोणती विमाने चालवता येतील याची मर्यादा बरीच वाढवली. पण हे उपाय परवान्याचा अडथळा दूर करतात, आणि माझ्या मते दुखणे परवान्यात नाही. मला अधिक भरवसा वाटतो तो एका विमानाच्या चार-पाच मालकांवर. त्यांचा स्थिर खर्च वाटला जातो, विमान गंजत उभे राहत नाही, आणि मुख्य म्हणजे आपण महिनाभर आलो नाही तर फोन करून विचारणारे कोणीतरी असते. अशा भागीदाऱ्या मोडतात त्या बहुधा पैशावरून नव्हे, तर शनिवार सकाळ कोणाची यावरून, आणि हा वाद सुरू झाला तर ते विमान पुरेसे उडते आहे असे मी समजतो.