चार्जर एकमेकांशी बोलेनात

[दृश्य: नाशिक, पाथर्डी फाट्याजवळच्या सोसायटीचं पार्किंग. भिंतीवर ओळीने चार चार्जर, शेवटच्याचा दिवा लाल.]

रात्रभर इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावली आणि सकाळी बॅटरी जेमतेम भरलेली, अशी तक्रार आली की पहिला संशय चार्जरवर जातो. पण बऱ्याचदा तो ठणठणीत असतो, तुटलेला असतो मुख्य चार्जरशी त्याचा संपर्क. ७.४ किलोवॉटचे चार चार्जर एकदम पूर्ण चालले तर जवळपास ३० किलोवॉट लागतील. एवढा मंजूर भार क्वचितच असतो, म्हणून मुख्य चार्जर तो वाटून देतो. त्याचे निरोप थांबले की बाकीचे सहसा ६ अँपिअरवर उतरतात, म्हणजे तासाला दीड युनिटही नाही. मेन एमसीबी पडू नये म्हणून केलेली ही सोय आहे.

[दृश्य: झाकण उघडलेला चार्जर, मल्टिमीटरचे प्रोब.]

निरोप जातात आरएस-४८५ च्या, म्हणजे यंत्रांना आपसात जोडणाऱ्या संदेशलाइनच्या, ए आणि बी या दोन तारांवरून. सेटिंगला हात लावण्याआधी सगळ्या चार्जरचा पुरवठा बंद करा, मीटरने खात्री करा आणि ए-बी मधला रोध मोजा. ओळीच्या दोन्ही टोकांच्या चार्जरमध्ये १२० ओहमचा एकेक रोध (रेझिस्टर) असतो आणि ते समांतर येतात, म्हणून आकडा ६० च्या आसपास हवा. १२० आला तर एका टोकाचा रोध नाही किंवा मध्ये तार तुटली आहे. शून्याजवळ आला तर तारा चिकटल्यात. आणि ४० आला तर तीन रोध चालू आहेत, तेव्हा चौथा चार्जर नंतर बसवलाय का ते विचारा. बसवणारा नव्या चार्जरचा रोध चालू करतो आणि तिसऱ्यातला डिप स्विच (रोध चालू-बंद करणारं छोटं बटण) बंद करायला विसरतो, हे फारच नेहमीचं आहे.

आकडा बरोबर, तरी एकच चार्जर गप्प? ए-बी उलट लागले असतील. सगळ्या कंपन्या ही अक्षरं एकाच अर्थाने वापरत नाहीत, तेव्हा तारा अदलाबदल करून बघा. दोन चार्जर आळीपाळीने दिसतात आणि गायब होतात, तेव्हा दोघांना एकच पत्ता, म्हणजे ओळीतला ओळख क्रमांक, दिलेला असतो.

[दृश्य: ग्लँडमधून ओघळलेलं पाणी, टर्मिनलवर हिरवट गंज.]

पावसाळ्यात सैल ग्लँडमधून, म्हणजे केबल जिथून आत जाते त्या घट्ट बसणाऱ्या तोंडातून, पाणी शिरतं. निरोपांची केबल खालूनच आत घ्या. ती पॉवर केबलपासून लांब ठेवा, शिल्ड (तारांवरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करा, आणि मधूनच फाटा काढू नका.

शेवटी चारही गाड्या एकदम लावा आणि प्रत्येक फेजवर क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजा. एकूण भार ठरवलेल्या मर्यादेत राहतोय का, हे ॲपवर नाही, मीटरवर बघायचं.