उलट्या जहाजाचं छप्पर

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या दक्षिणेला हिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथलं ‘ओल्ड शिप चर्च’ १६८१ सालचं. प्युरिटन, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या कडव्या प्रोटेस्टंट लोकांनी सतराव्या शतकात बांधलेल्या सभाघरांपैकी अमेरिकेत टिकलेलं हे एकच. प्रार्थना इथेच, गावसभाही इथेच.

मूळ इमारत ५५ फूट लांब, ४५ फूट रुंद. छप्पर चौपाखी. आणि ४५ फुटांच्या रुंदीत मध्ये एकही खांब नाही. सगळा भार ओक लाकडाच्या कैच्यांवर, म्हणजे वासे आणि तुळई जोडून केलेल्या त्रिकोणी चौकटींवर. वासे भिंतींना बाहेर रेटतात, खालची तुळई त्यांना धरून ठेवते. पुन्हा सांगतो, तुळई नसेल तर भिंती फाकतात. अशा जुन्या ओककामात सांध्याला एका लाकडात खाच, दुसऱ्याला जीभ आणि आरपार लाकडी खुंटी. खुंटी मात्र वाळलेलीच हवी. ओली ठोकली तर ती आकसते आणि सांधा खिळखिळा होतो. ओकमध्ये लोखंडी खिळाही लवकर गंजतो.

या चर्चचा सांगाडा २६, २७ आणि २८ जुलै, अशा तीन दिवसांत उभा राहिला. तीन दिवसांत!

आता खरी गंमत ऐका. १७३१च्या सुमारास या कैच्यांच्या खाली सपाट छत घातलं गेलं. एवढी सुंदर सुतारकी झाकली गेली! पिढ्यान् पिढ्या लोक खाली बसून प्रवचनं ऐकत राहिले आणि डोक्यावर काय आहे ते कुणाला दिसेना. (जुन्या घरात खोटं छत मारणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, नका मारू. वर गळती सुरू होते, वाळवी लागते आणि कळतं तेव्हा तुळईचं टोक कुजलेलं असतं.) दोनशे वर्षं हे असंच चाललं. मग १९३०मध्ये डागडुजी निघाली, सपाट छत उतरवलं आणि सगळं उघडं पडलं. हाताने तासलेल्या जाड तुळया, आणि त्यांच्यावरून कैचीतल्याच मधल्या उभ्या लाकडाकडे झुकत गेलेले बाकदार आधार. खाली उभं राहून मान वर केली, की जहाज पालथं घातल्यासारखं दिसतं. हो, पालथं जहाजच.

छपराच्या टोकावर छोटा घंटाघुमट आहे. त्या घंटेचा दोर थेट खाली, सभागृहाच्या मधोमध लोंबतो.